आक्कांचा माठ आणि आमची वही

एप्रिलमधला रविवार होता. जळगावहून धुळ्याकडे जाताना पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागूनच एक शेत होतं, तिथल्या कडुलिंबाखाली मी स्कूटर लावली. नव्वदच्या आसपासची गोष्ट... नक्की साल आठवत नाही, ऊन मात्र आठवतं.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा भाच्यानं मोबाइलवर एक खेळ दाखवला. कुणीतरी कुठंतरी डबी लपवतं, बाकीचे नकाशा बघून शोधतात आणि मग खाली शेरे मारतात... डबी ओली होती, रस्ता वाईट होता, आमचा वेळ वाया गेला. भाचा हसत होता. मला काही हसू आलं नाही.

आम्ही हा खेळ तेव्हाच खेळलोय. मोबाइल नव्हते, पोस्टकार्डं होती. मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा कुठंतरी लपवायचो, आत एक वही आणि पेन, आणि खाणाखुणा कार्डावर लिहून जळगाव, धुळे, वरणगावच्या मंडळींना पाठवायचो.

ज्याला डबा सापडेल त्यानं वहीत नाव घालायचं, दोन ओळी लिहायच्या, डबा जागच्या जागी ठेवायचा. बस्स. फी नाही, बक्षीस नाही. आधी सात-आठ जण होतो, मग पंचवीसेक झाले, आणि मी स्वतःला संयोजक म्हणवून घ्यायला लागलो.

त्या कडुलिंबाच्या ढोलीत डबा ठेवायला शेतातल्या बाईंनीच परवानगी दिली होती. साठीच्या पुढच्या, एकट्या, दिवसभर झोपडीत दोन शेळ्यांच्या सोबतीनं. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. "ठेव ना भाऊ, मनं काय जास," एवढंच म्हणाल्या होत्या.

लोक उन्हातान्हाचे येतात हे बघून आक्कांनी आपणहून झाडाखाली पाण्याचा माठ ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची विहीर तर फेब्रुवारीतच आटलेली... पलीकडच्या मळ्यात वीज येऊन मोटार चालू झाली की तिथून डोक्यावर हंडे आणायच्या. एका खेपेला अर्धा तास सहज जायचा. हे मला तेव्हाही माहीत होतं, हे आधीच सांगून टाकतो.

तर त्या रविवारी मी वही बघायला गेलो होतो. डबा काढला तशा आक्का येऊन शेजारी बसल्या, लुगड्याला हात पुसले. त्यांना अक्षरओळख नव्हती. "इतला लोके लिखी जातस... काय लिखेल शे त्यामा? माले वाची दाखाड ना भाऊ."

मी हौसेनं पान उघडलं. पहिलीच ओळ, 'पाणी गार नव्हतं.' त्याच्याखाली, 'पेला एकच, तोही पोचे पडलेला. व्यवस्था करावी.' मग, 'शेळ्या लांब बांधाव्यात, वास येतो.' एकानं लिहिलं होतं की म्हातारी दुपारी झोपलेली असते, माठ रिकामा असला तर हाका माराव्या लागतात. धुळ्याच्या एका गृहस्थांचं म्हणणं, इतकं पेट्रोल जाळून आल्यावर निदान चहाची तरी सोय हवी.

आक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

पान उलटलं. 'माठात गाळ आढळला. आक्कांना समज दिली आहे. संयोजक.' अक्षर माझं. आणि खरंच दिली होती मी समज... त्या बिचाऱ्या "हो भाऊ" म्हणून तिथल्या तिथं माठ घासायला बसल्या होत्या, आणि मी उभा राहून बघत होतो. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

मग मी मोठ्यानं वाचायला लागलो. वहीत बोट फिरवत, जे नव्हतं ते. 'आक्कांच्या हातचं पाणी पिऊन जिवात जीव आला.' 'अशी माया घरीसुद्धा मिळत नाही.' 'आक्का, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.' सुचेल तसं बोलत गेलो, आणि प्रत्येक ओळीला त्या कुणाची, कुठली, असं विचारत होत्या. मी नावंही सांगितली. ज्यांनी चहा मागितला होता, त्यांचंसुद्धा.

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. "बठ्ठा चांगला लोके शेतस," सगळीच माणसं चांगली, असं म्हणाल्या. मग उठता उठता म्हणाल्या, "मंग आते दोन माठ भरसू."

दोन माठ म्हणजे डोक्यावर आणखी खेपा, ऐन उन्हाळ्यात. हीच वेळ होती खरं सांगायची... आक्का, नका आणू, कुणाची लायकी नाही. त्याऐवजी वही संपत आलीय, नवीन घेऊन येतो, असं म्हणून डबा पिशवीत घातला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कार्डं टाकली, तिथला डबा काढलाय, कुणी जाऊ नये. आठवडाभर उत्तरं येत राहिली. आमचं राहिलं होतं, न विचारता काढलातच कसा, हा आमच्यावर अन्याय आहे... एकानंही आक्का कशा आहेत म्हणून विचारलं नाही. त्यानंतर मी कुठंच डबा ठेवला नाही.

मे महिन्यात एका लग्नासाठी एसटीनं धुळ्याला निघालो होतो. ते शेत आलं तसा मी खिडकीतून बाहेर पाहिलं. कडुलिंबाखाली दोन माठ होते, ओलं फडकं गुंडाळलेले, दोन्हीवर झाकण. शेजारी आक्का रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

तिथं गाडीला थांबा नव्हता. पण असता तरी मी उतरलो असतो, असं आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.