साडूंच्या गाडीचा काटा

केडगावहून सकाळी निघालो तेव्हा गाडीत माणसं दोनच होती, मी आणि सौ. मागच्या सीटवर मात्र आमच्यापेक्षा जास्त ऐटीत पाण्याने गच्च भरलेले दुधाचे दोन कॅन बसले होते. साल दुष्काळाचं. माझी धाकटी बहीण कुसुम पाथर्डीच्या पलीकडे दिलेली. तिच्या गावची विहीर तळाला गेली होती आणि टँकर यायचा तेव्हा यायचा. त्यात ती बाळंतीण, आणि दुसऱ्या दिवशी बारसं. लोक बाळंतविडा नेतात, आम्ही पाणी नेत होतो.

गाडी साडूंची, जुनी अँबॅसिडर. तिचा मूळचा तापमानाचा काटा कधीच मेला होता. साडूंनी बाजारातून दुसरा आणून डॅशबोर्डाखाली लटकवून घेतला होता. किल्ली देताना म्हणाले, "काटा लाल रेषेला टेकला की गाडी जागच्या जागी बंद करायची. इंजिन जाम झालं, तर यापुढे आपल्या बायकांनीच एकमेकींना भेटावं."

मी मुळात भित्रा. नगर मागे पडलं, डोंगरावरचा चांदबिबीचा महाल मागे पडला, पण माझी नजर काट्यावरून हटेना.

"समोर बघा," सौ. म्हणाली.

"समोरच बघतोय."

"रस्ता समोर आहे. काटा खाली आहे."

दोन्हीकडे उघडी, भेगाळलेली रानं. करंजीच्या घाटाच्या तोंडाशी गाडी खड्ड्यात आदळली आणि काट्याने टुणकन उडी मारली, ती थेट लाल रेषेच्या पलीकडे. गाडी कडेला घेऊन बंद केली. बऱ्याच वेळाने हाताला फडकं गुंडाळून, तोंड फिरवून रेडिएटरचं झाकण उघडलं. आत पाणी काठोकाठ! शहाण्या माणसाने इथेच विचार केला असता. मी कॅन उचलला आणि जाळीवर बाहेरूनच पाणी ओतायला लागलो. थोडं ओतलं, भीती गेली नाही. आणखी ओतलं. कॅन हाताला हलका लागला तेव्हा भानावर आलो.

घाटाच्या कडेला दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या. त्यांचे हातोडे थांबले होते.

"अवं पाव्हणं," एक म्हातारी ओरडली, "गाडीला न्हाऊ घालताय व्हय? बाळंतीण हाय काय ती?"

बायका खिदळल्या. दुसरी एक मात्र हसली नाही. ती घमेलं घेऊन पळत आली आणि गाडीखाली सरकवून म्हणाली, "असूंद्या. शेळीला हुईल."

टपटप पाणी घमेल्यात पडत होतं आणि मी कॅन हातात धरून उभा होतो. सौ. गाडीतून उतरली नाही. तिने फक्त उरलेला कॅन आपल्या बाजूला ओढून घेतला.

गाडी सुरू केली तर काटा शहाण्यासारखा खाली. म्हटलं, पाण्याने गुण दिला! हे समाधान तिसगावपर्यंत टिकलं. तिथे पुन्हा खड्डा, पुन्हा उडी, पुन्हा लाल. मी मागे हात नेला, तर सौ.चा हात कॅनच्या झाकणावर.

"इंजिन जाम होईल!"

"होऊ दे. पण आधी मला सांगा, दूध कधी उडी मारून तापतं का? आधी साय सुरकुतते, मग ते हळूहळू वर येतं. हा मेला खड्डा आला की एकदम उकळतो. याला ताप नाही, याला उचकी आहे."

मी खाली उतरलो. बॉनेट उघडून इंजिनावरची काट्याची वायर उपसून काढली. सौ. आत काट्याकडे बघत बसली.

"पडला का खाली?"

"नाही. लालच."

वायर इंजिनाला जोडलेलीच नाही आणि काटा मात्र गरम सांगतोय! बोटांनी वायर चाचपत मागे गेलो. पत्र्याच्या भोकातून ती आत जात होती तिथे वरचं आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं. धक्का बसला की ते पत्र्याला टेके आणि काटा बोंब मारी. पंक्चरच्या पिशवीतला ट्यूबचा तुकडा त्यावर गुंडाळला आणि वायर पुन्हा इंजिनाला जोडली. काटा मुकाट खाली आला. आतापर्यंत खोट्या काट्याची भीती होती, आता खऱ्याची सुरू झाली.

कुसुमच्या दारात कॅन उतरवला. तिने एकच कॅन पाहिला, दुसऱ्याचं विचारलं नाही. झाकण उघडून आत बघत म्हणाली, "किती नितळ हाय गं, वैनी. तळ दिसतोय." रात्री शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, तिखट रश्शात शिजवलेल्या) झाले. प्यायला टँकरचं मचूळ पाणी. कॅनमधलं बाळाच्या अंघोळीला आणि बाळंतिणीला ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाळणा हलला, भाचीचं नाव ठेवलं.

निघताना कुसुमने सौ.ची ओटी भरली. नारळ नव्हता. मूठभर ज्वारी, आणि तोंडाला फडकं बांधलेला एक भरलेला तांब्या.

"अगं, हे काय?" मी म्हणालो.

"घाटात गाडी तापली तर? न्हे दादा. रिकामी ओटी धाडू व्हय वैनीला?"

परतीला घाट चढायचा होता. अर्ध्यावर काटा सरकायला लागला. उडी नाही, केसाकेसाने, दम खात. तेलाचा करपट वास आला. सौ. हळूच म्हणाली, "हे दूध खरं आहे."

मी गाडी थांबवली, चाकांमागे दगड लावले. वळणावरून ट्रक अंगाला घासून जात होते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि खाली उतरत चाललेलं ऊन. मी तांब्याकडे हात केला. सौ.ने तो पलीकडच्या कुशीला घेतला.

"वारा आहे. थांबू या."

"आणि अंधार पडला तर?"

"तर अंधारात थांबू."

प्रत्येक ट्रकागणिक मी चाकांमागचे दगड चाचपून येत होतो, पण ती तांब्या धरून ढिम्म बसली होती. मधून मधून किल्ली फिरवून काटा बघायचो. शेवटी तो उतरला. आम्ही जपत जपत घाट चढलो आणि दिवेलागणीला केडगाव गाठलं. दारात पोरांनी चेहरा बघून विचारलं, तेव्हा फक्त थकलोय म्हणून सांगितलं.

घरी येताच घसा कोरडा पडला म्हणून तांब्याचं फडकं सोडून तोंडाला लावला आणि तसाच थांबलो. पाणी मचूळ नव्हतं. गोड होतं, आमच्याच नळाचं. म्हणजे उरलेल्या त्या एका कॅनमधून कुसुमने आम्हाला परत दिलं होतं. सगळ्या वाटेवर गाडीचं काय होईल म्हणून घाबरलो होतो. तिकडे कॅनमध्ये आता किती उरलं असेल, ही भीती पहिल्यांदा तेव्हा शिवली.

"प्या," सौ. म्हणाली. "आता परत नेऊन ओतता येणार आहे का?"

येणार होतं. रविवारी मी पुन्हा साडूंच्या दारात गेलो. किल्ली पुढे करून ते काट्याविषयी सांगायला लागले, तर मी मध्येच विचारलं, "डिकी धरून कॅन किती मावतील हो?"