पश्चिमेस खाडी

अंगठ्याच्या शाईचा वास आला की मला पनवेलची ती रजिस्ट्री कचेरी आठवते. मी तेव्हा पंधरा वर्षांची, सातवी पास, घरात वाचता येणारी एकटीच. मिठागरात राबून बाबांचे पाय फाटले होते. खाऱ्या पाण्यातून एकदाचं सुटायचं म्हणून त्यांनी आईची सोन्याची माळ मोडली, नेऱ्याला डोंगराखालची, गोड्या विहिरीची जमीन पाहून ठरवली आणि विसारही देऊन टाकला. सौदा जुळवणाऱ्या दलालाने बाबांच्या अंगठ्याला शाई लावली, तेव्हा मी सहज म्हणून कागद वाचत होते. जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते चतुःसीमेत लिहितात. तिथे लिहिलं होतं, पश्चिमेस खाडी. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, नेऱ्याला खाडी कुठं हाय? ही ती जमीन नाय!" दलाल खेकसला, "कागद हाच आहे. अंगठा द्यायचा नसेल तर विसार बुडाला." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नीट वाचलंस ना, बाय?" मी मान डोलावली. त्यांनी कागदावरून हात मागे घेतला आणि अंगठा धोतराला पुसला. घरी आई रडली नाही, तिने नुसता रिकाम्या गळ्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा मिठागरात उतरले, ते शेवटपर्यंत. आज कुणी जमिनीचा कागद वाचायला आणला की मी आधी चतुःसीमा पाहते. त्यात काही खोट सापडली तर लोक माझे आभार मानतात, आणि मला मात्र त्यांच्या घरी कोण वाट बघत बसलं असेल, तेवढंच दिसत राहतं.