आमच्या भाऊजींच्या बाई

जपानात आल्यापासून माझा जितका वेळ एका दिवंगत अमेरिकन नटीने खाल्ला आहे, तितका सगळ्या हयात माणसांनी मिळून खाल्लेला नाही. तिला मी कधी पाहिलेलं नाही. तिने हा वेळ खाल्ला तो माझ्या नवऱ्याच्या मावसभावाच्या तोंडून. हे आमचे भाऊजी टोकियोजवळ उरायासुला आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली, एकटे राहायचे आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकवर संशोधन करायचे. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर ‘वेळ मिळाला नाही’ म्हणायचे. मला ते पटायचं, कारण त्यांचा वेळ कुठे जातो हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

नटी मुक्या सिनेमाच्या काळातली. भाऊजी तिचं नाव घ्यायचे नाहीत, नुसतं ‘बाई’ म्हणायचे. एकदा त्यांच्या आईचा पुण्याहून मला फोन आला. “अगं मीनल, तो काल फार खुशीत होता. म्हणाला, बाईंचा एक नवा फोटो मिळालाय. कोण गं ही? जपानी आहे का? असली तरी चालेल म्हणावं.” बाई जाऊनच कितीतरी वर्षं झाली आहेत, हे त्या माउलीला सांगणं माझ्या जिवावर आलं. मी आपलं “विचारून सांगते” म्हणून फोन ठेवला.

बाईंचं चरित्र मला शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. चौथ्या वर्षी त्या एका फिरत्या नाटकमंडळीत टेबलावर उभ्या राहून नाचायच्या. वडील तिकिटं विकायचे, आई कपडे शिवायची. जाहिरातीत वय छापलं होतं सहा, आणि पुढची चार वर्षं ते सहाच राहिलं. पोरांना कामाला जुंपतात म्हणून सरकारी माणूस चौकशीला आला की बाईंना कपड्यांच्या पेटीत बसवायचे. तेराव्या वर्षी त्या पेटीत मावेनाशा झाल्या आणि मंडळीने त्यांना काढून टाकलं. मग हॉलिवूड. तिथे तेव्हा संत्र्यांच्या बागा होत्या आणि उघड्यावर ठोकलेले फळ्यांचे रंगमंच. बाई गर्दीत उभ्या राहायला गेल्या होत्या. घोड्यावरून पडायला कुणी तयार होईना, तेव्हा त्या म्हणाल्या, मी पडते. पडल्या, उठल्या, कपडे झटकले आणि विचारलं, “पुन्हा पडू का?” हे सांगताना भाऊजी दर वेळी खुर्चीवरून अर्धवट पडून दाखवायचे. एकदा पूर्ण पडले, आमच्या टीपॉयवर.

वेळकाळ हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. मी तापाने फणफणले होते तेव्हा भाऊजी मोठ्या मायेने मुगाचं कढण घेऊन आले. उशाशी बसले आणि म्हणाले, “एवढ्याच तापात बाईंनी पुराचा प्रसंग दिला होता. खऱ्या नदीत!” कढण गार झालं, पूर काही ओसरेना. माझी मुलगी इथेच वाढलेली, मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते. ती दारातून डोकावून म्हणाली, “माता आनो ओबासान?” म्हणजे, पुन्हा त्याच काकू? यावर दुसरा माणूस ओशाळला असता. भाऊजी हरखले. “बघ! पुढच्या पिढीलाही बाई माहीत आहेत!”

गणपतीतल्या कार्यक्रमात तर त्यांनी कहर केला. इथल्या मराठी मंडळाने त्यांना दहा मिनिटं दिली होती. जपानात मुक्या सिनेमाच्या वेळी पडद्याशेजारी एक निवेदक उभा राहून सगळ्या पात्रांचं बोलणं स्वतः बोलायचा. त्याला बेन्शी म्हणत. भाऊजींनी बाईंच्या एका सिनेमाचा उरलेला चार मिनिटांचा तुकडा लावला आणि मराठीतून बेन्शी झाले. नायिका तेच, खलनायक तेच, घोडाही तेच. घोडा उत्तम झाला. एका भाबड्या गृहस्थांनी ‘वन्स मोअर’ म्हटलं आणि भाऊजींनी तो तुकडा आणखी चारदा दाखवला. आरती खोळंबली, पोरं भुकेने रडायला लागली आणि सभागृहाची मुदत संपली म्हणून दारात आलेल्या व्यवस्थापकापुढे मी कमरेत वाकून वाकून माफी मागत राहिले. मागून खिंकाळणं चालूच होतं.

गेल्या फेब्रुवारीत भाऊजींची इथली नोकरी संपत आली. मार्चअखेर ते पुण्याला परत जाणार होते. सामान बांधत असतानाच ओसाकाहून एक पत्र आलं. जुन्या सिनेमाच्या रसिकांच्या एका मासिकात भाऊजींनी बाईंबद्दल चौकशी छापली होती, त्याचं उत्तर. लिहिणाऱ्या आजींचे आजोबा बेन्शी होते. त्यांच्या कपाटात एक डबा होता आणि त्यावर बाईंच्या एका सिनेमाचं नाव होतं.

“मीनल, हा सिनेमा जगात कुणाकडे नाही!” भाऊजींनी पत्र माझ्यापुढे धरलं. “दीपगृहावरच्या पोरीची गोष्ट. वादळात बाप होडीत अडकलेला, दिवा पोरीला सांभाळायचाय. पुढे काय होतं ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. मला शेवट माहीत नाही गं!”

अकरा वर्षांत भाऊजींचं जपानी बोलणं प्रयोगशाळा आणि रेल्वे स्टेशन यापलीकडे गेलं नव्हतं. मी टोकियोत तोयोसुच्या एका कंपनीत जपानी ग्राहकांशी बोलण्याचंच काम करते. म्हणजे जाणं मलाच भाग होतं. ऐन कामाच्या गर्दीत रजा टाकून, मनातल्या मनात बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी त्यांच्याबरोबर ओसाकाला गेले.

आजी ऐंशीच्या पुढच्या, ताठ. त्यांनी डबा आणून भाऊजींपुढे ठेवला. भाऊजींनी झाकण उघडलं. आत तपकिरी भुकटी होती. जन्मभर प्लास्टिक अभ्यासलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. त्यांनी हलक्या हाताने झाकण लावलं.

“त्यांना सांग, फिल्म कुजलीय. आता काही होणार नाही. आणि हे पेट घेतं, घरात ठेवू नका म्हणावं. कुणाला बोलवायचं ते मी लिहून देतो.”

मी सांगितलं. त्यानंतर भाऊजी बोललेच नाहीत. या माणसाने गप्प बसावं म्हणून मी किती नवस बोलले असतील, पण ती शांतता मला सोसेना. आजींनाही सोसली नसावी. त्या आत जाऊन एक वही घेऊन आल्या. आजोबा पडद्याशेजारी उभे राहून जे बोलायचे, ते सगळं त्यात लिहिलेलं होतं. आजींनी चष्मा लावला आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. वादळ आलं, पोर किंचाळली, लाटा आपटल्या. मी भाऊजींच्या कानाशी भराभर मराठीत सांगत होते. होडी सकाळी किनाऱ्याला लागली. रिकामी. पोर जिना चढून वर गेली आणि म्हणाली, “उजाडलं. आता दिवा नको.”

आजींनी वही मिटली. भाऊजींचे डोळे भरून आले होते. आजींनी मला हळूच विचारलं, “हे त्या नटीचे नातेवाईक का?”

बाईंना मूलबाळ नव्हतं. बोलका सिनेमा आला आणि लहानपणी शेवटच्या रांगेपर्यंत ओरडून फाटलेला त्यांचा आवाज कुणाला चालेना. उरलेलं आयुष्य त्यांनी एका दुकानात हातमोजे विकले. हे सगळं मी भाऊजींकडूनच ऐकलं होतं. बाईंच्या बाबतीत एक तारीख चुकली तर जगाशी भांडणारा हा माणूस खाली मान घालून म्हणाला, “हो म्हण.”

मला येतं तेवढ्या आदराच्या जपानीत मी म्हणाले, होय, घरचेच आहेत. आजींनी दोन्ही हात जमिनीवर टेकून भाऊजींना नमस्कार केला. “आमच्याकडे असून सांभाळता आलं नाही. क्षमा करा.” भाऊजींनीही कपाळ टेकवलं, घरचं माणूस गेल्यावर टेकवावं तसं.

परतीच्या बुलेट ट्रेनमध्ये, शिनकानसेनमध्ये, ते खिडकीशी बसून होते. नागोया आलं, गेलं. शेवटी मीच विचारलं, “भाऊजी, दुकानात कधी कुणी ओळखलं का हो बाईंना?”

“एकदा,” ते म्हणाले. “एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, तुम्ही त्या का? बाई म्हणाल्या, पुष्कळांना तसं वाटतं. आणि त्यांनी हातमोजे कागदात गुंडाळून दिले.”

मी वाट पाहिली. “सांगा ना. पुढे?”

“पुढे काही नाही गं,” भाऊजी म्हणाले. “एवढंच.”