पाण्यानं तपासलेली नळी

सगळा भाग त्याला पाना म्हणायचा. नळदुरुस्तीत उभा जन्म गेलेला, आणि हातात पाना नसला की हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा अवघडून उभा राहायचा. बेसिनखाली अर्धा आत, अर्धा बाहेर, असाच गिऱ्हाइकांनी त्याला पाहिलेला. कित्येकांना त्याच्या तोंडापेक्षा त्याची पाठ जास्त ओळखीची होती.

बोलणं कमी. एका विषयावर मात्र तो आपणहून तोंड उघडायचा. "नळी डोळ्यानं कळत नाही. पाणी भरा, पंपानं दाब द्या, रात्रभर तशीच ठेवा. सकाळी थेंब दिसला नाही, तर ती नळी खरी." त्यानं घातलेली नळी गळली असं सांगणारा माणूस त्या गल्लीत नव्हता. या गोष्टीची त्याला घमेंड होती, आणि ती त्यानं कधी लपवलीही नाही.

हा धंदा त्याला अक्कानं लावून दिला. आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा ही थोरली बहीण शिलाईच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावत होती. भावाचं शाळेत लक्ष लागेना, तेव्हा तिनं त्याला एका म्हाताऱ्या नळवाल्याच्या दुकानात नेऊन उभं केलं. "बोलत नाही, पण चोरतही नाही. ठेवून घ्या," एवढंच म्हणाली आणि कारखान्याचा भोंगा होईल म्हणून पळत सुटली. स्वतःचं लग्न तिनं जे पुढे ढकललं ते ढकललंच. भावाला बायको तिनंच बघून आणली. नणंद-भावजयीचं दिवसातून दोनदा वाजायचं, भाजीत मीठ किती यावरून. पण पाना घरात आला की दोघी एक व्हायच्या आणि मिळून त्याच्यावर तोंडसुख घ्यायच्या.

थंडी संपता संपता एका सकाळी दूध तापवताना अक्काच्या गाऊनची बाही पेटली. नायलॉनचा गाऊन. भावजयीनं धावत येऊन अंगावर गोधडी टाकली, विझवलं, पण पाठ, दंड आणि मांड्या भाजल्या त्या भाजल्याच.

त्यानंतरचे सगळे दिवस पाना हॉस्पिटलात पडद्याबाहेरच्या बाकावर बसून होता. पडद्याआत त्याला जायला मिळालं नाही. डॉक्टरांची मनाई नव्हती, अक्काचीच होती. "त्याला आत सोडू नका," तिनं पहिल्याच दिवशी नर्सला बजावलं. ज्याला तिनं न्हाऊमाखू घातलं, त्यानं तिचं सोललेलं अंग बघायचं नाही. मग आत बायको जायची, आणि पाना बाहेर बसून पडद्याखाली तिच्या चपला बघायचा. आतून कण्हणं ऐकू यायचं. त्याच्या हातांना काही काम नव्हतं. घरी आला की जे नळ ठीक होते तेसुद्धा तो उघडून बसायचा.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं. "जिथं नवी कातडी लावलीय, तिथं घाम येणार नाही. अंगातली उष्णता बाहेर पडायची वाटच बंद झालीय. तुमच्या वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात त्यांचं अंग तापत जाईल आणि जिवावर बेतेल. खोली गार करा, मगच न्या."

आत येतंय आणि निचरा बंद. पान्याला हे एका दमात समजलं. त्याच आठवड्यात एसी आला.

दुकानाचा माणूस बसवायला आला, त्याला पान्यानं जिन्यातूनच परत पाठवलं. बायको म्हणाली, "अहो, फुकट बसवून देत होता की!"

"माझ्या घरातली नळी मी घालणार."

"हा नळ आहे का?"

"तांब्याच्या दोन नळ्या आहेत. एकीतून जातं, दुसरीतून येतं. आणखी काय असतं?"

बायकोनं हत्यारांची पेटी त्याच्यापुढे सरकवली. नवऱ्याच्या हातांना इतक्या दिवसांनी काम मिळालंय, हे तिला दिसत होतं.

काम त्यानं देखणं केलं. भिंतीवर पत्रा ठोकताना पाणसळ लावून पाहिली, मग पुन्हा पाहिली. भिंतीला भोक पाडलं ते बाहेरच्या बाजूला जरासं उतरतं, म्हणजे एसीतून टपकणारं पाणी खोलीत न येता बाहेर जाईल. बाहेरची पेटी सज्ज्यावर लोखंडी कोनांवर बसवली आणि खाली रबराचे तुकडे दिले, अक्काला घरघर लागू नये म्हणून. नळीची टोकं फुलवायचं हत्यार आणायला मात्र कोपऱ्यावर बर्फ्याकडे जावं लागलं.

बर्फ्या म्हणजे फ्रीजवाला. त्याच्या दुकानासमोर फुटपाथवर दारं उघडी टाकलेले मेलेले फ्रीज कायम उभे. दोघांची जुनी दोस्ती, म्हणजे रोज एकमेकांच्या धंद्याला नावं ठेवायची.

"गटारातला माणूस आता हवेत चालला," बर्फ्या म्हणाला.

"हत्यार देतोस का?"

"घे. पण गॅस सोडायच्या आधी मला हाक मार. नळीला व्हॅक्यूम द्यावा लागतो."

"तो कशाला?"

"आतलं सगळं ओढून काढायला. नळी धरतेय का तेही कळतं."

"नळी तपासायला तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही बाबा. हाक मार म्हणतोय."

"बरं."

पाना "बरं" म्हणाला की त्याचा अर्थ "नाही" होतो, हे बर्फ्याला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. पान्याच्या डोक्यात एवढंच शिरलं, की फ्रीजवाल्यांची नळी तपासायची ती रीत. त्याची स्वतःची रीत त्याहून पक्की होती.

त्यानं दोन्ही नळ्या न्हाणीघरात नेल्या, एक टोक बंद केलं, पाणी भरलं, हातपंपानं दाब दिला आणि रात्रभर ठेवल्या. सकाळी काटा जागचा हलला नव्हता. थेंब नाही. मग त्यानं पाणी ओतून टाकलं, नळ्या झटकल्या, तोंडानं फुंकर मारली, थोडा वेळ उन्हात टांगल्या आणि जोडून मोकळा झाला. बाहेरच्या पेटीची चावी खोलली, गॅस फुसफुसत आत गेला, आणि खोलीत गार वारा उतरला.

"अगंबाई!" बायको त्या वाऱ्याखाली डोळे मिटून उभी राहिली. मध्येच वारा कोमट झाला, परत गार झाला.

"असं काय?"

"खोली गार झाली की थांबतो तो. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात," पाना म्हणाला. आणि ते त्याला स्वतःलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आली. दोघा माणसांनी खुर्चीत बसवून तिला वर आणलं. हातांवर दंडापर्यंत, भाजल्याचे व्रण दाबून ठेवणारे घट्ट मोजे, गळ्यापर्यंत चादर. पलंगावर टेकल्यावर तिनं आधी भिंतीकडे पाहिलं.

"हे कुणी लावलं?"

"मी."

"माझ्या डोक्यावर तर पडणार नाही ना रे मेल्या?"

बायको हसली. पाना हसला नाही, पण त्याचे खांदे पहिल्यांदाच खाली आले.

दुपारी ऊन स्लॅबवर आलं, आणि एसीचा वारा कोमट झाला तो तसाच राहिला. पान्यानं बंद करून चालू केला. जरा वेळ गार, मग पुन्हा कोमट. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सज्ज्यावर जाऊन पेटीला कान लावला. यंत्र चालू होतं, पण धाप लागल्यासारखं घरघरत होतं. बारीक नळीवर पांढरा बर्फ धरला होता. बाहेर नळीवर बर्फ, आणि खोली भट्टी. त्याला काही उमगेना.

"अहो, लवकर या," आतून बायको ओरडली. "वन्संचं बोलणं ऐका."

अक्काचं तोंड लालभडक झालं होतं. कपाळ सुकं होतं, हात लावला तर चटका बसेल असं. "कॉलर उलटी लागली," ती म्हणत होती. "उसव ती. भोंगा व्हायच्या आत उसव."

बायकोनं हॉस्पिटलात फोन लावला. पलीकडून नर्स भराभर बोलली: घट्ट मोजे काढा, अंगावर नुसती ओली चादर टाका, पंखा लावा, घोट घोट पाणी पाजा. ताप उतरू लागला नाही, किंवा ओळख पटेनाशी झाली, तर तसंच उचलून आणा.

पाना जिना उतरला तो कुठल्या पायरीवर पाय पडतोय हे न बघता. बर्फ्या दुकानात पालथा पडून एका फ्रीजच्या पाठीमागे काहीतरी वितळवत होता. सगळं ऐकून तो उठून बसला.

"नळी तपासलीस?"

"तपासली."

"कशानं?"

बर्फ्यानं पान्याकडे बघितलं आणि बर्फ्याचाच चेहरा पडला.

"पाणी भरलंस?"

"रात्रभर. थेंब गळला नाही."

एरवी बर्फ्यानं या गोष्टीवर वर्षभर चहा प्यायला असता. आज तो हसला नाही. "अरे, त्या नळीत पाण्याचा अंशसुद्धा चालत नाही. गॅसबरोबर फिरतो, आणि नळी जिथं केसासारखी होते तिथं बर्फ होऊन बसतो. झालं, बूच! बंद केलास की वितळतो, चालू केलास की परत बसतो. व्हॅक्यूम त्यासाठीच द्यायचा." बोलता बोलता तो पंप, सिलिंडर, नळकांडी गोळा करत होता. "धर हे. चल."

बर्फ्या सज्ज्यावर कामाला लागला. बायको शेजारच्या घरांतून बर्फ मागून आणायला गेली. जाताना पान्याला म्हणाली, "चादर वाळू देऊ नका."

पाना दाराशी उभा राहिला. अक्का पालथी होती. पाठीवर पांढरी ओली चादर, आणि ती बघता बघता कोरडी होत होती. अंग किती तापलंय हे त्यातूनच दिसत होतं.

"कोण आहे?" तिनं विचारलं. ती भानावर आली होती.

"मी."

"तू बाहेर हो. तिला बोलाव."

"ती बर्फ आणायला गेलीय."

"मग येईपर्यंत थांब. बाहेर हो म्हटलं ना!"

आजवर तिनं जा म्हटलं की तो गेला होता. तो बादलीपाशी बसला, दुसरी चादर भिजवली, आणि अंगावरची चादर उचलली. पाठ दिसली. कुठे मेणासारखी तुकतुकीत, कुठे दोरखंडासारखी गाठाळलेली, मधेमधे लावलेल्या कातडीच्या जाळीचे ठसे. कुठेही घामाचा थेंब नव्हता. त्यानं डोळे मिटले आणि चाचपडत चादर पसरू लागला.

"डोळे मिटलेस ना?" अक्का उशीत तोंड खुपसून म्हणाली.

"हो."

"म्हणूनच पाणी सगळं गादीवर सांडतंयस. उघड." तिनं उशीवरचं तोंड जरा बाजूला वळवलं. "बघितलंसच आहेस, तर नीट बघ आणि नीट कर."

त्यानं डोळे उघडले. चादर मानेपासून खालपर्यंत सरळ पसरली, कडा हलकेच दाबल्या, पंख्याचं तोंड वळवलं.

"अक्का, माझी चूक झाली. नळी पाण्यानं तपासली. तशी तपासायची नसते."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

पान्याला वाटलं, आता ती दोन शिव्या घालेल तर बरं. ती घालेना. तो चादर बदलत राहिला. एक वाळायच्या आत दुसरी, दुसरी वाळायच्या आत पहिली. तिचे खांदे थरथरले की त्याचे हात थांबायचे, आणि ती "चालू दे" म्हणायची. बायको बर्फ घेऊन आली, दारातच थबकली, आणि बादलीत बर्फ टाकून अक्काला पाणी पाजायला बसली. सज्ज्यावर पंप एकसुरी टकटकत होता. बर्फ्या काही वेळानं डोकावून, नजर खाली ठेवून, "अजून वेळ आहे" म्हणायचा आणि जायचा.

ऊन कललं तेव्हा थर्मामीटरचा आकडा उतरू लागला. बायकोनं तो खिडकीपाशी नेऊन तिरपा धरून बघितला, मग पान्याच्या हातात दिला. हॉस्पिटलात फोन केला, तिकडून "असंच चालू ठेवा, उद्या दाखवायला आणा" असं उत्तर आलं. त्यानंतर बऱ्याच वेळानं पंप थांबला. बर्फ्यानं नवा गॅस भरला आणि खोलीत वारा आला. घरातली तिघंही तो कधी कोमट होतोय याची वाट बघत बसले. तो झाला नाही.

बर्फ्या सज्ज्यावरून येऊन जिन्याकडच्या दाराबाहेर उभा राहून हात पुसू लागला. पान्याशी तो हळू आवाजात बोलला, पण घर लहान होतं. "नळी धुतली, फिल्टर बदलला. पण आतल्या तेलात पाणी गेलंय. हा उन्हाळा निघेल असं मी म्हणतो. पुढचं सांगता येत नाही."

पान्यानं मान हलवली.

"पुढचं माझं तरी कोण सांगतंय," अक्का पलंगावरून म्हणाली.

दोघंही चमकले. बर्फ्यानं घाईनं तोंड फिरवलं, कारण दार सताड उघडं होतं आणि ओली चादर अक्काच्या पाठीला चिकटून अंगाची गाठ न गाठ दाखवत होती. भावजय सुकी चादर घेऊन उठली.

अक्कानं हातानंच तिला थांबवलं. मान कष्टानं दाराकडे वळवली.

"तुम्ही काय तिथं उंबऱ्यावर उभे? सगळा गारवा जिन्यात चाललाय. आत या, आणि दार लावा."

बर्फ्यानं पान्याकडे बघितलं. पान्यानं भिंतीकडची खुर्ची ओढून पुढे ठेवली. बर्फ्या आत आला, आणि त्यानं दार लोटून घेतलं.