शहाण्यांवर रागावलेली आते

माझ्या आतेइतका राग रायगड जिल्ह्यात दुसऱ्या कोणाच्या नाकावर असेल असं मला वाटत नाही. तीस वर्षं तिने एका सरकारी मनोरुग्णालयात नर्स म्हणून काढली, आणि त्या तीस वर्षांत ती एकाही रुग्णावर ओरडली नाही, असं तिच्या हाताखाली काम केलेल्या बायका शपथेवर सांगायच्या. म्हणजे तीस वर्षांचा राग शिल्लकच होता. तो सगळा घेऊन ती निवृत्त झाली, रोह्याला राहायला आली आणि आम्हा शहाण्या माणसांवर काढायला लागली.

वॉर्डातल्या सवयी तिच्या अंगात अशा मुरल्या होत्या की निवृत्तीचा कागद त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. कुठेही गेली तरी ती दाराकडे पाठ करून बसायची नाही. पदर कधी मोकळा सोडायची नाही. आणि जेवणं झाली की चमचे मोजायची. वॉर्डात चमचा हरवला तर कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून मोजतात. पण आतेने रोह्याला एका लग्नात आमच्या पंगतीला उठूच दिलं नाही, कारण एक चमचा कमी भरत होता. शेवटी तो नवऱ्या मुलाच्या थोरल्या मामांच्या जाकिटाच्या खिशात सापडला. मामांनी दात कोरायला घेतला होता म्हणे. "सापडला ना? आता उठा," असं म्हणून तिने दीडशे माणसांना हात धुवायला जाऊ दिलं.

कोणी भेटलं की 'बरं आहे ना' असं ती विचारायची नाही. "झोप लागते काय?" असं विचारायची. एकदा आम्ही दोघी एका कचेरीत दाखला काढायला गेलो. खिडकीतला कारकून सकाळपासून येईल त्याच्या अंगावर खेकसत होता. आमची पाळी आली तेव्हा आतेच्या नाकपुड्या फुगलेल्या मी पाहिल्या आणि डोळे मिटून घेतले. पण तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "झोप लागते काय रे बाबा तुला?" तो पेन खाली ठेवून म्हणाला, "नाय हो मावशी." आणि पुढची वीस मिनिटं त्याने आपल्या आजारी बायकोची सगळी हकिकत सांगितली. मागची रांग ओरडायला लागली तेव्हा आते वळून रांगेवर अशी कडाडली की दोन माणसं दाखला न घेताच घरी गेली.

'येडा' हा शब्द मात्र तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एसटीत गर्दी झाली आणि कंडक्टर वैतागून "काय येड्यांचा बाजार हाय!" म्हणाला, तेव्हा आते जागेवरून उठली. "मी तीस वर्षं त्या बाजारात होते. तिथे माणसं रांगेत उभी राहतात. तुझ्या गाडीत नाय राहात," असं म्हणून तिने पेण येईपर्यंत त्याला सोडलं नाही.

मी नर्सिंगची शेवटची परीक्षा पास झाले तेव्हा पेणला आमच्या घरी सगळे जमले होते. बाबा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. ते हाताचा रंगही न धुता पेढे वाटत होते. जो तो मला कुठे चिकटायचं ते सांगत होता. कोणी म्हणे आयसीयू, कोणी म्हणे ऑपरेशन थिएटर, कोणी म्हणे सरळ परदेश. कोपऱ्यातून आते म्हणाली, "मानसोपचाराला जा."

धाटावला रसायनांच्या कंपनीत असलेले माझे काका म्हणाले, "ताई, पोरीला तिकडे घातलीस तर स्थळ येईल काय तिला?"

"तू रोज रसायनात उभा राहतोस. तुला दिली ना कोणीतरी पोरगी?" आते म्हणाली. "का ती फसली बिचारी?"

काकू पदरात तोंड घालून हसली. मला मात्र हसू आलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि ती भीती मी हुशारीच्या बोलण्यात गुंडाळली. म्हटलं, "आते, तिथे शिकलेलं सगळं विसरेन मी. ना सलाईन, ना ड्रेसिंग. तिथे नर्सला काम काय असतं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की हातातला पेढा खाली ठेवावा लागला. "काम काय असतं? उद्या सकाळी तयार राहा. दाखवते."

दुसऱ्या दिवशी आम्ही धरमतरच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात गेलो. मिठागरावर राबणारं घर होतं. त्यांच्या कोणा नातेवाइकाने आतेला निरोप धाडला होता. घरातली सून, चोवीस-पंचवीस वर्षांची, बाळंतीण होऊन दीड महिना झालेला. आठ दिवस ती झोपली नव्हती, आणि हे मूल माझं नाही असं म्हणत होती. घरच्यांनी तिला रिकामी पोती ठेवायच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. अंगणात वीसेक माणसं, आणि त्यांच्यात हातोहात फिरणारं रडतं बाळ. दोन दिवस भगत येऊन गेला होता, आणि सुनेच्या दंडावर त्याने बांधलेल्या दोऱ्याचा वळ उठला होता.

"बाहेरचं लागलाय तिला," सासू रडत म्हणाली.

"बाहेरचं नाय, तुम्हीच लागलात तिला!" आते अंगणात उभी राहून ओरडली. "पाय मोडला असता तर कोंडून ठेवली असतीत? ताप आला असता तर बघायला गाव जमवला असतात? उठा, आपापल्या घरी जा! आणि बाळाला आधी आजीकडे द्या, दूध पाजा त्याला." मी तिचा राग खूप वेळा पाहिला होता, पण असा कधीच नाही. अंगण रिकामं झालं. मग तिने कडी काढली, आणि आत पाऊल टाकताना तिचा आवाज असा बदलला की माझ्या बाजूला दुसरीच कोणी बाई उभी आहे असं मला वाटलं.

"मी रोह्याची. नर्स हाय. तुला हात लावणार नाय. इथे नुसती बसते."

ती जमिनीवर बसली, जरा बाजूला, त्या पोरीची दाराकडची वाट मोकळी ठेवून. मीही बसले. तासभर काहीच झालं नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मिठाच्या वासाने घसा कोरडा पडला. मग ती पोरगी भिंतीकडे तोंड करूनच बोलली, "ते माझं नाय. बदललाय कोणीतरी."

मला वाटलं, आता आते तिला समजावणार की अगं, तुझंच आहे. आते म्हणाली, "केवढी भीती वाटली असेल गो तुला."

पोरीने मान वळवली. आठ दिवसांत तिला असं काही कोणी म्हटलंच नसावं. हळूच म्हणाली, "झोप नाय येत."

"ती आणू आपण. डॉक्टरकडे येशील काय माझ्यासंगती?"

ती आली. सगळ्या वाटेत तिने माझी दोन बोटं घट्ट धरून ठेवली होती. मला सलाईन लावता येत होतं, ड्रेसिंग करता येत होतं, परीक्षेत पहिली आले होते. पण तासभर गप्प बसून माणसाला खोलीबाहेर काढता येतं हे मला चार वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. याचा मला त्या दिवशी फार राग आला. अजूनही येतो.

पोरगी औषधांनी बरी झाली. काही महिन्यांनी पेणच्या बाजारात ती आम्हाला दिसली, कडेवर गुटगुटीत बाळ. मी हात वर केला. तिने पाहिलं आणि नजर चुकवून गर्दीत शिरली. मला वाईट वाटलं.

"ओळख दाखवली तर बाजूची बाई विचारेल ना, ही नर्स तुला कुठची माहीत?" आते म्हणाली. आधी शांतपणे, मग एकदम भडकून. "तिला लपायला लागतंय! लपायला पाहिजे त्या अंगणातल्या वीस जणांनी!" कांदे घेणारी माणसं आमच्याकडे बघायला लागली. आतेने त्यांनाही सोडलं नाही.

मी मानसोपचार विभाग मागून घेतला. मुलाखतीतले गृहस्थ म्हणाले, "तिकडे आम्ही शिक्षा म्हणून पाठवतो, तुम्ही हौसेने जाताय?" आते तिथे असती तर त्यांची खुर्ची जागेवर राहिली नसती. पहिल्याच आठवड्यात एका बाईने माझ्या अंगावर डाळीची वाटी फेकली आणि मी तिच्यावर ओरडले. रडत आतेला फोन केला. वाटलं, मायेने चार शब्द बोलेल.

"तू आवाज चढवलास?"

"आते, गणवेश खराब झाला माझा!"

"गणवेश धुता येतो. उद्या जाऊन माफी माग तिची." आणि फोन ठेवून दिला.

तीन दिवस मी आतेशी बोलले नाही. चौथ्या दिवशी त्या बाईकडे गेले आणि म्हटलं, "मी ओरडायला नको होतं." ती म्हणाली, "डाळ खारट होती." मी स्वयंपाकघरात जाऊन चाखली. तोंडात धरवत नव्हती. त्या वॉर्डातल्या चाळीस बायका ती मुकाट्याने खात होत्या, आणि जिने तक्रार केली तिच्या केसपेपरवर आम्ही 'आक्रमक' असं लिहिलं होतं. तो शेरा मी बदलून घेतला. त्यासाठी मी जे भांडले ते ऐकून सिनियर सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या घरी सगळे असेच आहेत का?" मला फार बरं वाटलं.

गेल्या वर्षी आतेचं हृदय थकलं. चालणं खोलीपुरतं राहिलं. मी फोन केला की स्वतःच्या तब्येतीचं एक वाक्य सांगायची आणि लगेच माझ्या वॉर्डात शिरायची. तेव्हा आमच्याकडे एक पन्नाशीची बाई होती. नातेवाइकांनी आणून सोडलेली, पुन्हा कोणी भेटायला आलं नव्हतं. आली तेव्हापासून एक शब्द बोलली नव्हती. मी रोज दुपारी खिडकीजवळच्या बाकावर तिचे केस विंचरायची.

"बोलली काय गो ती?" आते विचारायची.

"नाही."

"बोलेल. घाई करू नको. आणि तू बोलत जा तिच्याशी, आपलं काहीबाही."

आते एका दुपारी गेली. रोह्याला दिवसकार्य उरकून मी बाराव्या दिवसानंतर कामावर आले. घरून निघताना ठरवलं होतं की वॉर्डात चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, आणि मला वाटतं मला ते जमलं होतं. डॉक्टरांना कळलं नाही, सिस्टरांना कळलं नाही. दुपारी मी कंगवा घेऊन त्या बाईच्या मागे उभी राहिले. अर्धे केस विंचरून झाले असतील, तेव्हा तिने हात मागे नेऊन माझं मनगट धरलं.

"तुमचं कोण गेलं?" तिने विचारलं.

इतके महिने न वापरलेला तिचा आवाज खरखरीत होता. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की धावत जाऊन रोह्याला फोन लावावा. मग आठवलं.

"आते," मी म्हटलं.

ती बाकावर जराशी सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तिने तळहात ठेवला. मी बसले. बाहेर चहाची घंटा झाली, सगळ्या बायका उठून गेल्या. आम्ही दोघी तिथेच होतो, आणि तिने मला पुढचं काही विचारायची घाई केली नाही.