ताईच्या गाडीची वाढीव वॉरंटी

माझी ताई चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. पोट शिवून बंद करण्याआधी गॉजचे तुकडे आणि हत्यारं मोजून घ्यायचं काम तिचं. मोजणी जुळली नाही, तर समोर केवढाही मोठा सर्जन असो, ती सुईदोरा हातात देत नसे. एकदा एका बड्या सर्जनला तिने अकरा मिनिटं तसंच ताटकळत ठेवलं. तो तणतणला, वर तक्रार करीन म्हणाला. ताई म्हणाली, "जरूर करा, पण आधी तो तुकडा शोधू." तुकडा सापडला. तेव्हापासून डॉक्टर मंडळी तिला पाठीमागे 'गजर' म्हणायची आणि समोर 'सिस्टर' म्हणताना आवाज खाली आणायची.

अशा बाईने पासष्टाव्या वर्षी, काम सोडल्यावर, गडद निळ्या रंगाची भारीतली गाडी घेतली. ऑटोमॅटिक, गरम होणारी सीट, पाय हलवला की आपोआप उघडणारी डिकी. नातेवाइकांच्या भुवया टाळूला लागल्या. एकट्या बाईला एवढी महागडी गाडी कशाला, हा प्रश्न जो तो विचारून गेला. ताईचं उत्तर ठरलेलं. "जन्मभर उभी राहिले. आता बसेन तर चांगल्या खुर्चीत बसेन."

गाडी चालवायला ती शिकली तीही एकोणसाठाव्या वर्षी. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनाच तिने आरसे नीट लावायला शिकवले असं मी ऐकून आहे. अर्थात तिच्याच तोंडून.

बघता बघता गाडीला तीन वर्षं होत आली. कंपनीची वॉरंटी शुक्रवारी संपत होती आणि वाढीव वॉरंटी घ्यायची तर त्याआधीच घ्यायला हवी होती. रविवारी दुपारी भाचा लॅपटॉप घेऊन हजर झाला. ताईचा एकुलता एक, नोकरीवाला, शहाणा आणि आपण शहाणे आहोत हे विसरू न देणारा. जेवणाच्या टेबलावर त्याने तक्ते मांडले. मी पलीकडे शेंगा सोलत बसले होते.

ताईला मुळात वॉरंटी नकोच होती. "मी चालवते किती? बाजार, वाचनालय, हिच्याकडे. बिघडली तर बघू."

"आई, या गाड्यांचं 'बघू' फार महागात पडतं," भाचा म्हणाला. "एकटा गिअरबॉक्स गेला तर तेवढ्यात दुसरी छोटी गाडी येईल. एक सेन्सर बदलायला अर्धं डॅशबोर्ड उघडतात."

त्याचं म्हणणं रास्त होतं. ताईने त्याला दहा प्रश्न विचारले, आणि पटल्यावर मान डोलावली. इथवर सगळं गोडीत चाललं होतं.

"मग दोन वर्षांची घेऊ. ट्रान्सफर होणारी," भाचा म्हणाला.

"दोनच का? इथे चारचीही दिसतेय."

भाच्याने स्क्रीनकडे बघितलं. मी शेंगांकडे बघितलं. "दोन वर्षांनी तू सत्तर पूर्ण करशील ना," तो म्हणाला. "तेव्हा परिस्थिती बघून ठरवू. ट्रान्सफर होणारी असली की विकताना गाडीला किंमतही चांगली येते."

"गाडी विकतंय कोण?"

"आत्ता कुणीच नाही, आई. पण कधीतरी..."

ताईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. भाच्याला वाटलं, पटलं. मी तिच्या पाठची बहीण, मला तसं मुळीच वाटलं नाही.

आणि खरं सांगायचं तर या सगळ्याच्या मुळाशी मी होते. महिन्यापूर्वी पार्किंगमधल्या खांबाला गाडीचं डावं दार घासलं. ताईने कुणालाच सांगितलं नाही. चुगली मी केली, तीही काळजीच्या नावाखाली. भाच्याने फोनवर मला विचारलं होतं, "मावशी, तिला आता झेपतंय का गं?" आणि मी म्हणाले होते, "बघ बाबा तूच." त्या तीन शब्दांची मला अजून लाज वाटते.

मंगळवारी ताईने मला गाडीत घातलं आणि वर्कशॉप गाठलं. काचेपलीकडे दोन गाड्या पोट उघडून वर टांगलेल्या होत्या. काउंटरवर टाय लावलेला, केस पिकलेला सल्लागार बसला होता. "या मॅडम! साहेबांचा फोन आला होता. फॉर्म भरूनच ठेवलाय, फक्त सही करायची."

"कोण साहेब?"

"तुमचे चिरंजीव."

ताई खुर्चीवर बसली आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागली. 'झीज होणारे भाग सोडून' या शब्दांशी थांबली. "कुठले भाग? नावं सांगा." तो सांगत गेला, ही बोटं मिटत गेली. वायपर, ब्रेक पॅड, बारा व्होल्टची बॅटरी. "सस्पेन्शन?" तो अडखळला. आत जाऊन विचारून आला, ते वॉरंटीत धरलंय म्हणाला. ताईने ते त्याच्याकडून लिहून घेतलं आणि खाली सही मागितली.

"मॅडम, इतकं कुणी वाचत नाही हो."

"म्हणून तर तुम्ही इतकं बारीक छापता."

दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. मी वाकून बघितलं. मुदत दोन वर्षं. ट्रान्सफर, होय. संपर्कासाठी भाच्याचा नंबर. आणि 'गाडी मुख्यतः कोण चालवणार' या चौकटीत भाच्याचंच नाव.

"गाडी मी चालवत आणली आत्ता," ताई म्हणाली. "तुमच्या दारातून उलटी घेऊन लावली. पाहिलीत ना?"

"पाहिली, मॅडम. मालक म्हणून वर तुमचंच नाव आहे. हे आपलं सोयीसाठी..."

"कुणाच्या सोयीसाठी?"

हॉस्पिटलच्या केसपेपरवर चूक झाली तर खोडायचं नसतं, गिरवायचं तर नसतंच. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करून तारीख घालायची. ताईने पर्समधून पेन काढलं. भाच्याच्या नावावर रेघ, शेजारी स्वतःचं नाव, सही, तारीख. फोन नंबरावर रेघ. 'होय'वर रेघ, 'नाही'. 'दोन'वर रेघ, 'चार'.

"मॅडम, नवा फॉर्म देतो की!"

"नको. काय लिहिलं होतं ते दिसू दे."

"पण ट्रान्सफर नसली तर गाडी विकल्यावर वॉरंटी संपते," तो काकुळतीला आला.

"संपू दे. माझ्यानंतर काय करायचं ते माझ्यानंतर बघा."

परत येताना मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, दाराची चुगली मी केली."

"माहीत आहे. गाडीत दुसरं होतं कोण?"

मी खिडकीबाहेर बघत बसले.

एवढ्यात डॅशबोर्डवर भाच्याचा फोन वाजला. ताईने आरशात बघितलं, सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली, थांबवली आणि मगच फोन घेतला.

"आई, अगं काय केलंस हे? त्यांचा फोन आला होता. मी तुझ्या काळजीपोटीच..."

"काळजी कर. मुलगा आहेस, करायलाच हवी. माझ्या नावाच्या जागी तुझं नाव घातलंस त्याला काळजी म्हणत नाहीत."

"तू दार घासलंस, आई."

"घासलं. माझ्याच हातून घासलं. दुसऱ्या दिवशी जाऊन डोळे तपासून आले, नवा नंबर लावला. विचारलंस कधी? आता नीट ऐक. ज्या दिवशी रस्त्यावरची पांढरी रेघ मला दिसेनाशी होईल, त्या दिवशी किल्ली मी स्वतः तुझ्या हातात आणून ठेवीन. पण ती तारीख मी ठरवणार. तू फॉर्मवर भरायची नाहीस."

पलीकडून भाच्याचा आवाज आला, लहानपणी मार खाल्ल्यावर यायचा तसा. "बरं. किती वर्षांची घेतलीस मग?"

"चार," ताई म्हणाली. "मी आठची मागितली होती. नाही म्हणाले."

खरंच मागितली होती तिने. तो सल्लागार हसला होता, ही हसली नव्हती.