कॅमेरा आला त्या दिवशी आम्ही आवरलं होतं

"मग आईंना सांगा, आता तिथे मोटार बसणार आहे. ड्रायव्हर नसलेली. म्हणजे हुज्जत घालायचीही सोय नाही."

सल्लागार कंपनीचे मोठे साहेब हे बोलले आणि टेबलाभोवतीचे दहाबारा जण हसले. मोठ्याने नाही. ओठ मिटून. समोरच्या पडद्यावर येरवड्यातला आमचा रस्ता होता. भिंतीलगतची लांब पट्टी हिरव्या रंगाने भरली होती आणि त्यावर लिहिलं होतं, 'रिकामी जागा'. आपोआप चालणाऱ्या विजेच्या गाड्या तिथे येऊन थांबणार, चार्ज होणार, पुन्हा आयटी पार्ककडे जाणार. मी एवढंच म्हणाले होते, "सर, ती रिकामी नाही. तिथे माझी आई बसते."

माझी आई कचरा वेचते. सकाळी सहाला ढकलगाडी घेऊन सोसायट्यांमधून फिरते. आठ वाजता त्या भिंतीपाशी येते आणि माल निवडायला बसते. बाटल्या एका गोणीत, पुठ्ठा दुसरीत, दुधाच्या पिशव्या तिसरीत. तिच्यासारख्या अकरा जणी तिथे बसतात. ती जागा कुणी दिलेली नाही. पूर्वी तिथे राडारोडा पडायचा. बायकांनी तो उपसला, जागा झाडली. जिने जेवढं झाडलं तेवढं तिचं, हा त्यांचा कायदा. वीस वर्षांत त्यावरून भांडण झालेलं नाही. भिंत सुटली तर माल निवडायचा कुठे? वस्तीतल्या खोलीत माणसं मावत नाहीत. न निवडलेला कचरा भंगारवाला घेत नाही. म्हणजे कामच संपलं.

हे सगळं एक बाई जाणून होत्या. त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

त्या प्रकल्पाच्या प्रमुख. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "मॅडम नको गं. ताई म्हण." माझं आडनाव ऐकून पुढचा प्रश्न वस्तीचा विचारणारी माणसं मी खूप पाहिली होती. ताईंनी असलं काही विचारलं नाही. माझे वडील नारायण पेठेत छापखान्यात मशीनवर होते. सभांची, मोर्च्यांची पत्रकं ते छापायचे आणि खराब निघालेले कागद घरी आणायचे. बालभारतीच्या आधी मी ती पत्रकं वाचली. कॉलेजात मी स्वतः पत्रकं लिहू लागले. त्यातलं एक ताईंनी मुलाखतीत पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, "अशीच मुलगी हवी मला. शहराचं नियोजन एसीत बसून होत नसतं." मी त्या दिवशी घरी चालत गेले. बसमध्ये बसवेना इतका आनंद झाला होता.

काम असं होतं. टपावर कॅमेरे लावलेली एक गाडी रस्त्यावरून हळू फिरायची. खांब, झाड, खड्डा, टपरी, सगळं टिपायची. त्यावरून नकाशा व्हायचा. बिनड्रायव्हरच्या गाड्या त्या नकाशावर चालणार. मी आत बसून नोंदी करायचे. आमच्या रस्त्याची पाळी आली तेव्हा मी आदल्या दिवशी आईला सांगितलं, "उद्या ऑफिसची गाडी येणार. मी आत असेन."

मी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी वळली आणि भिंत समोर आली. अकरा जणी एका ओळीत नाक्यावर उभ्या होत्या. धुतलेली लुगडी, डोक्यावर पदर. भिंतीजवळ काहीच नव्हतं. गोण्या नाहीत, ढकलगाड्या नाहीत. जमीन झाडून पाणी शिंपडलेलं. आईने हात हलवला. मीही हलवला. कॅमेऱ्याने झाडलेली जमीन टिपली आणि गाडी पुढे गेली.

आई नंतर म्हणाली, "तुझ्या सायबांफुडं घाण कशाला दिसू द्यायची? आवरलं समद्यांनी मिळून."

साहेब येणार म्हटलं की आवरायचं, ही आमची सवय. मंत्री येणार, आवरा. परदेशी पाहुणे येणार, आवरा. इतक्या वेळा दरडावून उठवलंय की आता कुणी न सांगता आम्ही उठतो. त्या दिवशी तर प्रेमाने उठलो.

मी त्याच संध्याकाळी ताईंना सांगितलं. बायकांनी आवरलं होतं, सकाळी आठला पुन्हा गाडी फिरवायला हवी. ताईंनी वहीत लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंस. मी बघते," म्हणाल्या. मी निर्धास्त झाले.

तर त्या मीटिंगमध्ये सगळे हसले तेव्हा मी ताईंकडे पाहिलं. आता त्या बोलतील. वही त्यांच्यासमोरच होती.

ताई बोलल्या. "सर, हा सर्वे हिनेच केलाय. ही त्याच वस्तीतली आहे. त्यामुळे डेटा एकदम ऑथेंटिक आहे."

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "वा! मग प्रश्नच मिटला."

ज्या वस्तीचं नाव ताईंनी कधी विचारलं नव्हतं, तिचाच त्यांनी शिक्का म्हणून वापर केला. साहेबांच्या टोमण्याने मी लाल झाले होते. या वाक्याने गार पडले. शत्रू टोचतो ते ठाऊक असतं. ही ताई होती.

मीटिंग संपल्यावर बाहेर त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर जागा वापरात नसल्याचे आढळले.' खाली माझं नाव छापलेलं. सहीची जागा मोकळी.

"ताई, हे खोटं आहे. तुम्हाला माहितीये."

"अगं, व्हिडिओत जे नाही ते मी कुठून आणू? पुन्हा गाडी फिरवायची तर सगळं महिनाभर मागे जातं. त्यांना बघू की दुसरी जागा."

"कुठे?"

"ते नंतरचं. आज सही कर, उद्या भांड माझ्याशी. तुला पर्मनंट करायचं चाललंय माझं."

"सही करणार नाही, मॅडम."

मॅडम म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी कागद परत दिला, गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं आणि निघाले.

सकाळी भिंतीपाशी गेले. माल निवडणं चालू होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मीच तुम्हाला कळवलं, म्हणून तुम्ही आवरलं, म्हणून नकाशात तुम्ही नाही. पर्मनंटचंही सांगितलं. काही लपवलं नाही. आई बाटल्या गोणीत टाकत, वर न बघता म्हणाली, "आमी तुझी लाज झाकाया उठलो. आन तू आमाला पुसून आलीस व्हय?"

नोकरी सोडली म्हणून ते फिटत नाही.

प्रकल्पाच्या आराखड्यावर लोकांनी हरकती घ्यायची मुदत अजून चालू आहे. मी तिथेच पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसून हरकत लिहिली. पहिलं वाक्य असं: या रस्त्याची पाहणी मी केली आहे आणि ती खोटी आहे. खाली माझं पूर्ण नाव घातलं, वस्तीचंही. मग अकरा जणींना वाचून दाखवलं. त्यांनी अंगठे दिले, सह्या केल्या. आईने सगळ्यात शेवटी केली. सही करून ती पुन्हा बाटल्या निवडू लागली.

ऑफिसातल्या दुसऱ्या एका मुलीच्या नावाने आणि सहीने तो कागद पुढे गेल्याचं कळलंय. हरकतींची मुदत संपायच्या आधीच उद्या रंग घेऊन माणसं येतील, पट्टे आखायला. येऊ देत. आम्ही आता कुणासाठी उठणार नाही. गोणी हलणार नाही, ढकलगाडी हलणार नाही, जमीन झाडली जाणार नाही. या मोटारींना समोरचं माणूस लांबून दिसतं म्हणतात. मग दिसू दे. मी आईशेजारी बसले आहे.